वाट बंद आहे, पण काहून?

पावसाळा ही आणीबाणी नाही. तो दरवर्षी येतो, जूनमध्येच येतो आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जसा कोसळायचा तसाच कोसळतो. तरी दरवर्षी आपलं प्रशासन त्याला पहिल्यांदाच पाहिल्यासारखं दचकतं. मग आदेश निघतो. अमुक धबधबा बंद, तमुक गड बंद, ही घाटवाट बंद. पायथ्याला फलक लागतो, पोलिसांची गाडी उभी राहते, दोन दिवस बातम्या चालतात. दिवाळीपर्यंत सगळे विसरलेले असतात. पुढच्या जूनमध्ये तारीख बदलून पुन्हा तोच आदेश.

मी देऊळगाव राजाची. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात 'का' विचारायचं असेल तर 'काहून' म्हणतात. त्या शब्दात नुसता प्रश्न नसतो, थोडी तक्रारही असते. मला या लेखात तेवढंच विचारायचं आहे. वाट बंद आहे, ठीक. पण काहून? कुठून कुठपर्यंत? कधीपर्यंत? कुणासाठी? आणि ती बंद असताना तिच्यावर काम काय चाललंय? या पाच प्रश्नांची उत्तरं न देणारी बंदी ही सुरक्षा नव्हे. ते हात झटकणं आहे.

एक वाट, दोन घाट

उदाहरणासाठी भीमाशंकर घेऊ. समुद्राकडून येणारे ढग जिथे पहिल्यांदा अडतात, त्या कड्यावरची ही वाट. पायथा खांडसला, म्हणजे रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात. माथ्यावर ज्योतिर्लिंग, तो पुणे जिल्हा. खांडसहून वर जायला दोन घाट आहेत. शिडी घाट जवळचा, पण अंगावर येणारा. कातळाचे टप्पे, त्यांना टेकवलेल्या लोखंडी शिड्या आणि शिडीवरून कातळावर पाय टाकताना एका बाजूला मोकळी दरी. गणेश घाट लांबचा, पण रुंद आणि सोपा. वाटेत गणपतीचं देऊळ लागतं, त्यावरून नाव पडलं. डोंगराच्या मधल्या सपाटीवर, म्हणजे पदरावर, पदरवाडी आहे. तिच्या आसपास दोन्ही वाटा एकत्र येतात आणि मग दाट जंगलातून शेवटचा चढ. एका घाटानं चढायचं आणि दुसऱ्यानं उतरायचं, असा हा पूर्ण दिवसाचा गोल ट्रेक आहे.

मी ही फेरी डिसेंबरात केली आहे. कातळ कोरडा असताना शिड्या धडधड वाढवतात, पण जमतात. तोच कातळ जुलैमध्ये शेवाळानं साबणासारखा होतो. पायथ्याशी ऊन असताना वर माथ्यावर पाऊस कोसळला, तर मघाशी ओलांडलेला ओढा परतताना ओलांडता येत नाही. आमच्याकडे वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, तेवढा भीमाशंकरात जुलैच्या एका महिन्यात सहज पडू शकतो. देऊळगाव राजात वाढलेल्या माणसाला पावसाची सवय आहे असं म्हणणं म्हणजे विहिरीत पोहणाऱ्याला समुद्राची सवय आहे असं म्हणणं झालं.

म्हणजे शिडी घाट भर पावसात बंद ठेवायला माझा अजिबात विरोध नाही. गेल्या काही पावसाळ्यांत वन विभागानं भीमाशंकर अभयारण्यातले काही धबधबे आणि शिडी घाटाची वाट पर्यटकांना बंद ठेवण्याचे आदेश काढले, त्यामागचं कारण मला समजतं. अभयारण्य १९८५ पासूनचं आहे. शेकरूचं घर आहे ते, आपली सोसायटीची बाग नव्हे. प्रश्न असा, की शिडी घाट बंद असेल तर गणेश घाटाचं काय? तोही बंद, की चालू? माथ्यावरून पदरवाडीपर्यंत उतरून परत वर गेलं तर चालेल का? गोल वाटेचा एक तुकडा बंद झाला की उरलेल्या तुकड्यांचं काय करायचं, हे स्पष्ट सांगावं लागतं. नाही सांगितलं तर प्रत्येक जण आपापल्या सोयीचं उत्तर शोधतो. आणि डोंगरात सोयीचं उत्तर बहुतेक वेळा जंगलातून 'शॉर्टकट' मारण्याचं असतं.

बातमी जिल्ह्यात अडकते

आता आमच्यासारख्यांचं ऐका. देऊळगाव राजाहून या डोंगरांपर्यंत चारशेहून जास्त किलोमीटर. आमच्याकडे ट्रेकिंगचे जुने क्लब नाहीत, घरात कुणी गिर्यारोहक नाही. डोंगर आम्हाला इन्स्टाग्रामनं दाखवला. रीलमध्ये धबधबा दिसतो, ढग दिसतात, गाणं ऐकू येतं. आदेश दिसत नाही.

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये आम्ही अकरा जण, त्यात सात मुली, रात्रभर ट्रॅव्हलरनं प्रवास करून पहाटे एका घाटाच्या पायथ्याला पोचलो. घाटाचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा त्या एका घाटाचा नाही. प्रत्येकी अडीच हजार रुपये आगाऊ घेणाऱ्या आयोजकानं आदल्या संध्याकाळपर्यंत 'सगळं ओके' असा मेसेज पाठवला होता. पायथ्याला दोरी बांधलेली. फलकावर 'प्रवेश बंद' आणि खाली दंडाची धमकी. तारीख नाही, कारण नाही, फोन नंबर नाही. दुसरी वाट चालू आहे का, असं विचारलं तर गणवेशातला माणूस म्हणाला, 'तुम्ही जाऊच नका.' चहावाले काका म्हणाले, 'ती चालू हाये.' आयोजक फोन उचलेना. तेवढ्यात मुंबईचा एक ग्रुप ओळखीच्या गावकऱ्याला घेऊन मागच्या बाजूनं शांतपणे वर गेला.

आम्ही परत फिरलो. पैसे गेले, त्याचं दुःख दोन महिन्यांत विरलं. पण आमच्यातल्या चौघी मुलींना त्यानंतर घरून पुन्हा परवानगी मिळाली नाही. आमच्याकडे मुलीला अशी परवानगी एकदाच मंजूर होते. ती 'पोलिसांनी हाकलून दिलं' या वाक्यावर संपली, की पुढची दहा वर्षं ते वाक्यच घरात वापरलं जातं. आयोजकासाठी ती रद्द झालेली एक बॅच होती. त्या चौघींसाठी दार लागलं.

बंदीची बातमी आली नव्हती का? आली असणार. त्या जिल्ह्याच्या पुरवणीत. मराठी वर्तमानपत्रांच्या जिल्हा आवृत्त्या असतात. पुण्याची बातमी पुण्याच्या पानावर, रायगडची रायगडच्या. बुलढाण्याच्या पानावर त्या दिवशी पीकविम्याची बातमी असते, आणि तेही योग्यच आहे. पण मग आदेश पोचला कुणाला? जो आधीच डोंगराजवळ राहतो, ज्याचा क्लब आहे, ज्याचा वन खात्यात कुणी ओळखीचा आहे, त्याला. जो सर्वांत लांबून येतो आणि ज्याला डोंगराची समज सर्वांत कमी, त्याला सूचना सर्वांत शेवटी मिळते. थेट दोरीपाशी. सुरक्षेच्या दृष्टीनं याहून उलटी व्यवस्था कोणती असेल?

तातडीचं कलम, दरवर्षीची सवय

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. त्यानंतर पुणे जिल्ह्यात पर्यटनस्थळांसाठी प्रतिबंधात्मक आदेश निघाले. असे आदेश पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघायचे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ आलं. नंबर बदलला, मजकूर जवळपास तोच.

हे कलम तातडीच्या प्रसंगांसाठी आहे. त्याखालचा आदेश साधारणपणे दोन महिन्यांपेक्षा जास्त टिकत नाही, कारण कायद्यानं गृहीत धरलंय की धोका अचानक आलेला असेल आणि लवकर जाईल. जानेवारी २०२० मध्ये काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अशा आदेशात ठोस कारणं नोंदवली पाहिजेत आणि तेच आदेश पुन्हा पुन्हा काढणं हा अधिकाराचा गैरवापर ठरतो. संदर्भ वेगळा होता, पण तत्त्व सरळ आहे. दरवर्षी येणाऱ्या गोष्टीसाठी तातडीचं कलम वापरायचं, याचा अर्थ उरलेले दहा महिने तुम्ही काही केलं नाहीत.

शिवाय जिल्हाधिकाऱ्याचा आदेश जिल्ह्याच्या हद्दीपर्यंत. डोंगराला ही हद्द माहीत नाही. भीमाशंकरच्या फेरीत पाय रायगडात सुटतात आणि डोकं पुण्यात निघतं. वन विभागाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे वेगळे अधिकार. म्हणजे एका दिवसाच्या वाटेवर तीन कार्यालयं, आणि 'आज ही वाट चालू आहे का' याचं उत्तर द्यायला बांधील असलेलं एकही नाही.

'माझा जीव, माझी मर्जी' वाल्यांना

आता दुसऱ्या बाजूच्या मित्रांकडे वळते, कारण ते हा लेख इथपर्यंत वाचून खूश झाले असतील. 'बरोबर, बंदी म्हणजे हुकूमशाही, आम्ही जाणारच.' नाही. माझं म्हणणं हे नाही.

१५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. रविवारची गर्दी त्या फलकाला ओलांडून पुलावर उभी होती. फलकाकडे दुर्लक्ष करणारे आपणच होतो.

आणि डोंगरात तुमचा जीव फक्त तुमचा नसतो. पाय घसरला की तुम्हाला वर काढायला कोण येतं? लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक, आणि त्यांच्याही आधी पायथ्याच्या वाडीतली पोरं. पगार नाही, हातातलं काम टाकून, रात्री, त्याच ओल्या कातळावर, तुम्हाला झोळीत घालून. तुमच्या मर्जीचं बिल ते भरतात. म्हणून दोरी दिसली की थांबायचं. भांडायचं ते दोरीशी नाही, दोरी बांधून घरी जाणाऱ्या व्यवस्थेशी.

पण फलकाकडे दुर्लक्ष का होतं, हेही बघा. पुलाच्या गंजण्यासारखा खरा धोका आणि 'वरून सांगितलंय' म्हणून लावलेली सरसकट बंदी, या दोन्हींचा फलक सारखाच दिसतो. तेच लाल अक्षर, तोच दंड, तेच 'आदेशावरून'. दहा ठिकाणी विनाकारण बंद लिहिलं, की अकराव्या ठिकाणचं खरं 'बंद' कुणी वाचत नाही. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराची गोष्ट आपण दुसरीत शिकलो. प्रशासनही शिकलं असेल.

बंद कुणासाठी?

माझा सगळ्यात मोठा राग पुढे आहे.

शिडी घाट पर्यटकांना बंद होतो तेव्हा पदरवाडीतल्या माणसांनी काय करायचं? त्यांच्यासाठी ती 'ॲडव्हेंचर ॲक्टिव्हिटी' नाही. खाली खांडसला बाजाराला, दवाखान्याला, शाळेला जाण्याचा तो रस्ता आहे. जी शिडी पर्यटकासाठी जीवघेणी म्हणून तुम्ही बंद करता, तीच शिडी डोक्यावर ओझं घेऊन उतरणाऱ्या बाईसाठी सुरक्षित कशी होते? की तिचं पडणं बातमीत येत नाही, एवढाच फरक आहे?

पावसाळ्यात सह्याद्रीनं सर्वांत जास्त माणसं कुठे घेतली ते आठवा. ३० जुलै २०१४, माळीण. भीमाशंकरच्याच डोंगररांगेत, आंबेगाव तालुक्यात. दीडशेच्या आसपास माणसं दरडीखाली गेली. बाहेरच्या जगाला कळलं ते एसटीच्या चालकामुळे, नेहमीचं गाव जागेवर दिसेना म्हणून. २२ जुलै २०२१, महाडजवळचं तळीये, ऐंशीहून जास्त मृत्यू. १९ जुलै २०२३ ची रात्र, खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. २७ मृतदेह सापडले, सत्तावन्न जण सापडलेच नाहीत आणि चार दिवसांनी शोध थांबवला. यातलं कुणीही ट्रेकला गेलं नव्हतं. कुणी सेल्फी काढत नव्हतं. बहुतेक जण आपल्याच घरात होते.

डोंगर पावसात धोकादायक असतो हे प्रशासनाला खरंच पटलेलं असेल, तर पहिली फाईल वाड्यांची निघायला हवी. शिड्यांची तपासणी, दुरुस्ती, उताराला गेलेल्या भेगांची पाहणी, रात्री पाऊस वाढला तर माणसं कुठे हलवायची त्याची जागा. पर्यटकांना दोरी लावणं हे या सगळ्या कामांतलं सर्वांत स्वस्त काम आहे. म्हणून ते आधी होतं, आणि मग तेवढंच होतं.

बंदीचा हिशोबही त्याच माणसांच्या नावावर पडतो. पोहे-चहा, जेवण, वाट दाखवणं, गाड्या लावायला अंगण देणं, यातून पायथ्याच्या वाड्यांना पावसाळ्याचे चार पैसे मिळतात. शहरातला आयोजक एक घाट बंद झाला की शनिवारी दुसऱ्या घाटाची जाहिरात टाकतो. वाडीला दुसरा घाट नसतो.

गर्दी आम्हाला माहीत आहे

'एवढ्या लोकांचं नियंत्रण करणं शक्य नाही,' असं उत्तर येतं. मी बालाजीच्या गावातली आहे. आश्विनात आमच्याकडे यात्रा भरते, तेव्हा गाव माणसांनी भरून जातं. गर्दी होते म्हणून कुणी यात्रा बंद करत नाही. रस्ते एकदिशा होतात, बॅरिकेड लागतात, ध्वनिक्षेपकावर हरवलेल्या पोरांची नावं पुकारली जातात. पंढरीच्या वारीत लाखो माणसं शेकडो किलोमीटर चालतात, आणि पालखी कोणत्या दिवशी कोणत्या गावी मुक्कामाला, हे आधीच छापलेलं असतं. ज्या राज्याला वारी चालवता येते, त्याला एका घाटावर दिवसाला किती माणसं सोडायची हे ठरवता येत नाही, यावर माझा विश्वास नाही.

बाहेर हे कसं करतात? इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावर चिंक्वे तेर्रे नावाची पाच गावं आहेत. डोंगर थेट समुद्रात उतरलेला आणि गावांना जोडणाऱ्या पायवाटा कड्याच्या अंगावर. त्यातली 'प्रेमाची वाट' म्हणून प्रसिद्ध असलेली वाट २०१२ मध्ये दरड पडून चार पर्यटक जखमी झाल्यावर बंद झाली. ती पुन्हा उघडली २०२४ मध्ये. बारा वर्षं हा काही कौतुक करण्यासारखा वेग नाही. पण तिथे बंदी म्हणजे कामाची सुरुवात होती. कडा बांधून काढला, जाळ्या लावल्या, उघडताना वेळ ठरवून मर्यादित प्रवेश ठेवला. उरलेल्या वाटांपैकी आज कोणती चालू, कोणती बंद, हे तिथलं राष्ट्रीय उद्यान वाटेवाटेनुसार जाहीर करतं. 'डोंगर बंद' असं कुणी म्हणत नाही.

आणि इटलीपर्यंत तरी कशाला जा. आमच्यापासून दीड-दोन तासांवर लोणार आहे. सिंदखेड राजा, दुसरबीड करत गेलं की उल्केच्या आघातानं बेसाल्टमध्ये पडलेलं ते विवर. २००० पासून अभयारण्य, २०२० पासून रामसर पाणथळ. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा अख्ख्या जगानं फोटो शेअर केले. तिथेही काठाकाठानं फेरी आहे. पाणी चढलं की खालची पायवाट बुडते, बिबट्याचा वावर असला की जंगलातला तुकडा टाळावा लागतो. तिथेही हवं ते एवढंच. कोणता तुकडा चालू आणि कोणता बंद, हे घरून निघण्याआधी कळायला हवं. तिथे एकेक तुकडा नीट सांगायची सवय लागली, तर आमच्या जिल्ह्यातली पोरं डोंगरात वागायचं कसं हे घराजवळ शिकतील आणि मग सह्याद्रीत जातील.

मागणं काय

मागणं चार ओळींत बसतं.

प्रत्येक बंदीच्या फलकावर कारण, नेमका बंद भाग, शेवटची तारीख आणि उचलला जाणारा फोन नंबर असावा.

राज्यातल्या सगळ्या ट्रेकवाटांची चालू-बंद स्थिती एकाच ठिकाणी, मराठीत, मोबाईलवर, रोज सकाळी दिसावी. २०२१ मध्ये राज्यानं साहसी पर्यटन धोरण जाहीर केलं. त्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.

वाट बंद असताना पैसे घेणाऱ्या आयोजकाला ते परत करायला लावावेत. दंड नेहमी पायथ्याला पोचलेल्या पोरांनाच का?

आणि वाट पर्यटकांना बंद करण्याच्या आदेशासोबत, त्याच वाटेवरून रोज ये-जा करणाऱ्या वाडीसाठी काय करणार, तेही त्याच कागदावर लिहावं. तो रकाना रिकामा असेल तर आदेशावर सही होऊ नये.

आपल्याकडूनही एक गोष्ट. निघण्याआधी पायथ्याच्या गावात फोन करून विचारा. रील बनवणाऱ्याला विचारू नका. वाट बंद आहे असं कळलं तर जाऊ नका, पण गप्पही बसू नका. 'काहून' असं लेखी विचारा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायला दहा रुपये लागतात, ट्रेकच्या पैशांच्या मानानं काहीच नाहीत.

पुढचा जून फार लांब नाही. आदेशाचा मसुदा कुठल्यातरी संगणकात तयारच असेल, फक्त तारीख घालायची बाकी असेल. या वेळी तारखेसोबत कारण घाला आणि चालू असलेली वाटही सांगा. बंद कुठे आहे ते आम्हाला देऊळगाव राजातच कळलं, तर आम्ही तिथेच थांबू.